पहिल्या रविवारची हजेरी

२७ जानेवारी, मंगळवार

आमच्या लेकीकडून, मैत्रीकडून, सामान आलं. नेरडीगोंड्याची उत्कर्षा रशियातून सुटीत घरी आली, तिच्या हाती पाठवलं होतं. तिच्या वडिलांनी हायवेवरून आदिलाबादच्या बसमध्ये ठेवून दिलं. आलेलं असं:

लोकरीची शाल, करडी, १. तिथले ९०० रुबल. आपले हजारावर जातात.
लोकरीचे पायमोजे, २ जोड. घरमालकीण गालीना आजीने विणले. फुकट.
मधाची गोड भाकर, छापाची, १ डबा. २५० रुबल.
मेणबत्त्या, बारीक, पिवळ्या, ७. किंमत लिहिली नाही.
फोटो १. पत्र १, पानं चार.
बसवाल्याला पार्सलचे रुपये ६०.

शाल महाग आहे. मला जुनी पुरली असती. पण अंगावर घेऊन पाहिली, उबदार आहे. यांनी पायमोजे लगेच घातले आणि तलमडुगुच्या ऑफिसात तेच घालून गेले.

नोव्हेंबरपासून तिकडे व्हॉट्सॲप लागत नाही. मेसेज टाकला की एकच खूण पडते, दुसरी पडतच नाही. म्हणून पत्र. मैत्रीचं अक्षर अजून सरळ आहे, प्रभूची स्तुती असो.

पत्र तीनदा वाचलं. लिहिते की त्वेर गावात उणे अठरा आहे. रशियन भाषेचे वर्ग सकाळी नऊ ते तीन. आता स्वप्नातसुद्धा अर्धं रशियन येतं. पुढे लिहिते:

"तुम्ही दिलेलं मंडळीचं पत्र मी ऑक्टोबरातच जवळच्या चर्चमध्ये दिलं. तिथल्या म्हाताऱ्या पाळकांना मराठी कुठलं येणार, म्हणून मीच त्याचं रशियन केलं. आमच्या भाषेच्या बाईंनी ते वर्गात तपासून दहापैकी नऊ गुण दिले. पाळकांनी ते तीन वेळा वाचलं, आपल्या पुस्तकात ठेवलं, आणि म्हणाले, येत जा, उभी राहत जा."

दहापैकी नऊ! यांना संध्याकाळी सांगितलं. एक कुठे गेला, असं म्हणाले. यांचं नेहमीचंच.

शेवटच्या पानावर असं: "आई, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे साडेदहा होतात तेव्हा इथे आठ वाजतात. यादी वाचायला लागले असतील असा अंदाज घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहते आणि हजर म्हणते. गालीना आजी विचारते, कोणाशी बोलतेस. आई, यादी पहिल्यासारखीच वाचतात ना? कोणाचं नाव नवीन आलं, कोणाचं गेलं, ते कळव."

हे वाचून मी मेणबत्त्या परत कागदात गुंडाळल्या आणि वरच्या फळीवर ठेवल्या. 

२८ जानेवारी, बुधवार

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते, म्हणजे निदान वहीला तरी खरं माहीत राहील.

आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी पाळकसाहेब सभासदांची यादी मोठ्याने वाचतात, घरवार. ज्याचं नाव तो हजर म्हणतो. जो बाहेरगावी असेल त्याच्या नावाला घरचं माणूस म्हणतं, "दूर आहे, आपला आहे." मुलगी असली तर "आपली आहे." माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून असं चालत आलं आहे. नाव वाचल्याशिवाय प्रभुभोजनाची भाकर नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टात मैत्रीचं जाणं ठरलं. हैदराबादला रशियन घेऊन बी.ए. झाली, आता वर्षभर तिकडे, शिष्यवृत्तीवर. मला वाटलं, ख्रिस्ती देश आहे, बरंच झालं. लोकांच्या मुली कुठेकुठे जातात. आणि नियम असा की सभासद गाव सोडून गेला तर मंडळी त्याला पत्र देते, ते पत्र नव्या मंडळीत दाखवायचं, तिथे नाव चढतं आणि इथलं कमी होतं.

आमचे पाळक उद्धवराव म्हणाले होते, "दीपमालाबाई, पोरगी वर्षाने परत येते. नाव राहू द्या इथंच. ओळखीचं पत्र देतो."

मी ऐकलं नाही. स्त्रीमंडळाच्या मुठीच्या तांदळाचा हिशेब अकरा वर्षं माझ्याकडे आहे. एक पोतं दोन खात्यांत लिहिलं की वर्षाअखेर गोंधळ होतो, हे मला माहीत. मी म्हणाले, एक नाव दोन मंडळ्यांत कसं राहील, ते खोटं होईल. पंचांना माझं म्हणणं पटलं. पाळकसाहेबांनी पत्र लिहिलं, लाखेने पाकीट बंद केलं, मैत्रीच्या हातात मी दिलं. सप्टेंबरपासून तिचं नाव वाचत नाहीत.

हे मैत्रीला सांगितलेलं नाही. जाताना आधीच रडत होती. म्हटलं, तिकडे नाव चढलं की आपोआप कळेल.

आणि ती तिकडे उभी राहून हजर म्हणते.

१ फेब्रुवारी, रविवार

दहा चाळीसला यादी सुरू झाली. एकतीस घरं. मी लग्न होऊन आले तेव्हा सत्तर होती.

"माणिकराव." हे म्हणाले, हजर.
"दीपमाला." मी म्हणाले, हजर.

मग पाळकसाहेबांनी पान उलटलं नाही, श्वाससुद्धा घेतला नाही, सरळ पुढचं घर. पाच महिने असंच होतं, पण आज पहिल्यांदा मला ती जागा ऐकू आली. त्याच घटकेला ती तिकडे बोलली असेल. कोणत्या नावाला?

भाकर घेतली.  हे पाप झालं का, ठाऊक नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

भाजीवाली सोनाबाई दारात बसली, टोपली उतरवून. मैत्रीची शाल दोरीवर पाहिली. म्हणाली, "डॉक्टरीन कदी येते बाई? माहा गुडघा म्या तिच्यासाठीच राखून ठेवला हाय."

शंभरदा सांगितलं, ती डॉक्टरी नाही शिकत, भाषा शिकते.

"नुसती बोली शिकाले इतक्या दूर? इथं तेलुगू शिकता शिकता माहे दात पडले. अन बोली शिकून मंग बोलन कोनासंग, इथं?"

मी हसले. मग ती गेल्यावर विचार करत राहिले. रशियन कोणाशी बोलेल ते जाऊ दे. मराठी तिकडे कोणाशी बोलते? महिन्यातून एकदा, स्वयंपाकघरात, एक शब्द.

वांगी अर्धा किलो, सांबार (कोथिंबीर) एक जुडी.

४ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं की नाव परत यादीत घ्यायला सांगायचं. पाळकसाहेबांकडे गेले. दहापैकी नऊ गुणांचं सांगावं म्हणून पत्र नेलं, आणि शाल कशी दिसते ते दाखवावं म्हणून फोटोसुद्धा. हीच माझी चूक झाली.

तिथे पंच चंपतराव बसले होते. ते मंडळीचे सगळ्यात जुने पंच, नियम त्यांना पाठ. मी फोटो पुढे केला. शाल पाहायची सोडून त्यांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीपाशी नेला.

फोटोत मैत्री शाल डोक्यावरून घेऊन उभी आहे. हातात पेटती मेणबत्ती. मी तिचा चेहराच पाहत होते, तो वाळला आहे हेच मनात होतं. तिच्या मागे भिंतभर सोनेरी तसबिरी आहेत, त्या मी पाहिल्याच नव्हत्या.

चंपतराव हळूच म्हणाले, "बाई, पोरगी तसबिरीपुढं दिवा लावून राह्यली."

पाळकसाहेब म्हणाले, तिकडची रीत तशीच आहे, जुनी मंडळी आहे ती, आपल्यापेक्षा कितीतरी जुनी. चंपतराव म्हणाले, जुनी असन, पण आपल्या आजोबानं हेच सोडलं होतं ना? शनिवारी पंचांच्या बैठकीत विषय घेऊ.

रस्ताभर मला राग आला होता. चंपतरावांचा की मैत्रीचा, ते कळलं नाही. आपण लहानपणापासून तिला शिकवलं, प्रभू मनात असतो, भिंतीवर नाही. आणि सात मेणबत्त्या माझ्या फळीवर आहेत.

७ फेब्रुवारी, शनिवार

मला बैठकीत बोलावलं. पाच पंच आणि पाळकसाहेब. पाण्याचा पेला ठेवला होता, तो मी उचलला नाही.

मी सांगितलं की नाव परत चढवा. चंपतराव वाईट माणूस नाही, यांच्या आजारपणात पंधरा दिवस डबा त्यांच्या घरून आला होता. पण म्हणाले, "तुमीच म्हनलं होतं बाई, एक नाव दोन जागी नको. आमाले तर सुचलंबी नवतं. आता तिकडच्या मंडळीचा कागद आना, की हिचं नाव आमच्याकडं नाई. मोहर पाह्यजे. मंग चढवू."

मी विचारलं, तिकडे नाव चढलंच नसेल तर ते कागद कशाचा देतील?

"मंग थे तसबिरीचंबी तिनं लिहून द्यावं. की लावनार नाई."

पाळकसाहेब खाली पाहत होते. ठराव लिहिला गेला. मी स्वतः हिशेब ठेवणारी बाई, लिहिलेलं कसं मोडायचं मला येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर हे खाटेवर पडून होते. यांना मंडळीच्या कामात फार रस नसतो. सगळं सांगितलं. तीस वर्षं मंडल ऑफिसात जमिनीच्या नोंदी करतात, ऐकून घेतलं आणि छताकडे पाहत म्हणाले:

"आमच्याकडं पह्यले दाखल, मंग खारिज. तिकडं नाव चढल्याचा कागद हातात आल्याबिगर इकडचं नाव कोनी कापत नाई. शिपायालेबी ठाऊक असते हे. तू पोरीले खारिज करून बसली, अन दाखल कुठंच नाई. असं शेत कोनाचंच नसते."

मी म्हणाले, तेव्हा का नाही बोललात?

"तू मले इचारलं कुठं? तू पाळकाले सांगत होती, म्या ऐकलं की झालं."

उठून बाहेर गेले. मी तांदूळ निवडायला घेतले. स्वयंपाकाआधी घरातल्या माणसागणिक एक मूठ बाजूला काढते, मंडळीसाठी. यांची एक, माझी एक, मैत्रीची एक. मैत्री पाच महिने या घरात जेवत नाही, पण तिची मूठ बंद करायचं मला सुचलं नाही. हिशेबाने पाहिलं तर हेही चूकच.

९ फेब्रुवारी, सोमवार

उत्कर्षा येऊन गेली. उद्या निघते. तिच्यासोबत दिलेलं: ज्वारीच्या पिठाची पिशवी दोन किलो, लसणाची चटणी, गूळ, पांढरे तीळ, आणि माझं पत्र. वजन साडेतीन किलो भरलं, ती म्हणाली चालते काकू.

ती त्याच गावात डॉक्टरी शिकते. नेरडीगोंड्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी, मोकळी आहे. चहा पिता पिता सांगत गेली. "मैत्री पह्यले लई एकटी पडली होती काकू. रविवारी होस्टेलवरच्या पोरी झोपून राहत, अन ही बाहेर बर्फात उभी. थे आजी तिले भेटली चर्चच्या दारात. तिनंच खोली देल्ली."

मी मेणबत्त्यांचं विचारलं. भीत भीत.

उत्कर्षा म्हणाली, तिथे बाया चिठ्ठीवर आपल्या माणसांची नावं लिहून देतात, पाळक ती मोठ्यानं वाचतो. आजीनं मैत्रीचं नाव लिहिलं होतं, पण ते परत आलं. त्यांच्या मंडळीत जी नाही तिचं नाव त्या चिठ्ठीत चालत नाही. भाकरही मिळत नाही, नुसतं उभं राहायचं. "मंग आजी म्हने, मेणबत्ती लाव. मेणबत्तीले नाव लागत नाई."

मी तिच्या कपात अजून चहा ओतला, तिने नको म्हटलं होतं तरी.

"काकू, आता तर थे लोक तिले घेनारच हायेत म्हने त्यांच्यात. त्यांच्या ईस्टरच्या आधी. नावबी देनार. मैत्री असं नाव त्यांच्या संतांच्या यादीत नाई, तर मरीना."

"मैत्रीले चालते थे?" मी विचारलं.

उत्कर्षाने कप खाली ठेवला. "तिनं म्हनलं, निदान कुठंतरी वाचतीन."

पत्र आधीच लिहून पाकिटात घातलेलं होतं. त्यात मी लिहिलं आहे की यादी पहिल्यासारखीच वाचतात. हे खोटं नाही. यादी वाचतातच. पाकीट उघडून काही घालावं असं मनात आलं. पण उत्कर्षाची बस होती, आणि डिंक नव्हता.

१० फेब्रुवारी

डिंक होता. खणातच होता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून चाळीस दिवसांचा उपवास सुरू. संध्याकाळी एकदाच जेवण. भस्माच्या प्रार्थनेहून परतले तेवढ्यात फोन वाजला, मोठा परदेशी नंबर. मैत्री. साधा फोन, महागाचा, म्हणून मी लगेच म्हटलं लवकर बोल.

तिने विचारलं, बाबा बरे आहेत का, पायमोजे बसले का. मग म्हणाली, "आई, उत्कर्षाने पत्र दिलं. यादी पहिल्यासारखीच वाचतात?"

मी म्हणाले, हो.

 मला वाटलं लाईन गेली. हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," म्हणाली. "बरं. पहिल्यासारखीच. मग ठीक आहे." तिचा आवाज अगदी सपाट होता, सर्दी झाली असेल. मग म्हणाली, इथे उपवास सुरू झाला की नाव सांगायचं असतं, अकरा एप्रिलला ते मला घेणार आहेत, तुला विचारून करावं असं वाटत होतं, पण आता काही अडत नाही. मी काही म्हणायच्या आत बीप बीप झालं. तीन मिनिटं सोळा सेकंद.

अडत नाही म्हणजे काय? माझं काय चुकलं बोलण्यात?

शंभरदा आठवलं. तिने यादीचं विचारलं, मी हो म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं कळलं, आणि ते मला कळायला नको होतं असं वाटतं.

हे सकाळी बूट घालत होते. मी कोणाला तरी फोनवर ते दहापैकी नऊ सांगत होते, तिकडे राहूनही पोरगी मंडळीला विसरली नाही वगैरे. फोन ठेवला. हे नाडी बांधता बांधता म्हणाले, "त्या कागदाचं तिनं रशियन केलं ना?"

हो म्हटलं.

"मंग वाचलंच असन की."

एवढंच बोलून बसला गेले.

मी तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं, ते पुसलं नाही. वाचल्याशिवाय रशियन कसं करेल? लाख तिनेच फोडली असेल. प्रत्येक शब्द दोनदोनदा पाहिला असेल, कोश उघडून. शिक्षिकेने लाल शाईने तपासला असेल. आणि त्या पत्राचं शेवटचं वाक्य: "आजपासून हिचे नाव आमच्या यादीतून कमी केले आहे." ते वाक्य पाळकसाहेबांच्या मसुद्यात नव्हतं. ते मी घालायला लावलं. म्हटलं होतं, हिशेब स्वच्छ असावा.

म्हणजे तिला ऑक्टोबरपासून माहीत आहे. माहीत असून दर पहिल्या रविवारी ती उभी राहिली. माहीत असून मला विचारलं, यादी पहिल्यासारखीच वाचतात ना. वाट पाहत होती, की आई सांगेल. एकदा पत्रात, एकदा फोनवर. दोन्हीदा मी हो म्हटलं.

मी तिला कच्च्या वहीसारखं वागवलं. जी आपण कोणाला दाखवत नाही.

संध्याकाळी दिवे गेले. मेणबत्त्या शोधल्या, घरात दुसरी नव्हती. त्या सातांतली एक लावली. मधाचा वास आला. मी तसबीर नाही लावली, काही नाही. उजेडासाठी लावली. हे म्हणाले, चांगली जळते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पाळकसाहेबांना सांगितलं.  ते म्हणाले, मीही त्या वाक्यावर सही केली, बाई. ठराव पंचांचा आहे, एकट्याने मोडता येत नाही. तुम्ही प्रार्थना करा.

प्रार्थना करते आहे. पण प्रार्थनेत काय मागायचं ते सुचत नाही. तिने तिकडे जाऊ नये, असं मागायला तोंड होत नाही. मी दार लावलं आणि आता विचारते, दुसऱ्याच्या घरी का गेलीस.

१ मार्च, रविवार

लिहून ठेवते. 

मी काही ठरवून गेले नव्हते. शाल घेऊन गेले, ऊन असून. दहा चाळीसला यादी. सतरावं घर आमचं.

"माणिकराव."

"हजर."

"दीपमाला."

मी हजर म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी वर पाहिलं, पुन्हा म्हणाले, दीपमाला. मी समोरच बसलेली, सगळ्यांना दिसत होते. मग उभी राहिले.

"आमच्या घरचं एक नाव राह्यलं," मी म्हणाले.

  पाळकसाहेब म्हणाले, "बाई, ते यादीत नाही."

"मले माहीत हाय. म्याच काढलं. तिनं नाई सांगितलं होतं काढाले. तिकडंबी तिले कोनी भाकर देत नाई, अन इकडं म्या नाव ठेवलं नाई. पाच महिने तिनं सैपाकघरात उभं राहून हजर म्हनलं, हे मले पत्रात लिहिलं, अन म्या तिच्यासंग खोटं बोलली. दोनदा."

बस्स, इतकंच बोलले. मंडळीत मी आजवर हिशेबाशिवाय काही बोलले नव्हते. मग बसले.

पाळकसाहेबांनी वहीवर हात ठेवला. चंपतराव पहिल्या बाकावर, त्यांची मान ताठ. त्या क्षणी पुरुषांच्या बाजूने यांचा आवाज आला. हे प्रार्थनेतसुद्धा ओठ हलवतात, आवाज करत नाहीत. आज मोठ्याने म्हणाले, जसं बसच्या कंडक्टरला थांबवायला म्हणतात:

"मैत्री माणिकराव. दूर आहे, आपली आहे."

बायकांच्या बाजूने कोणीतरी रडलं. पाळकसाहेब थोडे थांबले आणि पुढचं घर वाचलं. लिहून घेतलं की नाही ते दिसलं नाही.

भाकरीचं ताट फिरवायला चंपतरावच होते. माझ्यापुढे आले. मी हात पुढे केला नाही. ते थांबले, त्यांना वाटलं मी पाहिलं नाही, ताट थोडं खाली धरलं. मी मान हलवली. ताट त्यांच्या हातात किंचित कलंडलं. मग पुढे गेले.

बाहेर जोडे घालताना ते माझ्याजवळ आले आणि फक्त एवढं म्हणाले, "शनिवारी बसतो आमी परत." होय की नाही, काही नाही. त्यांचाही गुडघा धरतो, यांनी विचारलं, गुडघा कसा आहे. चंपतराव म्हणाले, आहे तसाच.

२ मार्च, सोमवार

मैत्रीला पत्र टाकलं. पोस्टातल्या बाईने विचारलं, रशिया? किती दिवसांत जाईल सांगता येत नाही, महिनाही लागतो. नोंदणी करूनच टाकलं, पावती वहीत. लिहिताना भर दुपारी एक मेणबत्ती लावून ठेवली होती. उजेड भरपूर होता, गरज नव्हती. वाया गेली असं वाटलं नाही. आता पाच राहिल्या.

नक्कल इथे ठेवते:

"प्रिय मैत्री, प्रभूमध्ये सलाम.

यादी पहिल्यासारखी वाचत नाहीत. सप्टेंबरपासून तुझं नाव त्यात नाही. ते मी काढायला लावलं. पाळकसाहेब नको म्हणत होते. तू ज्या वाक्याचं रशियन केलंस ते वाक्य माझं आहे, त्यांचं नाही. तुला माहीत होतं हे मला आता कळलं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा खोटं बोलले. फोनवर तुझा आवाज बसला होता, मला वाटलं सर्दी.

काल मंडळीत मी हे सगळ्यांपुढे सांगितलं. तुझ्या बाबांनी तुझं नाव घेतलं. यादीत ते अजून नाही. शनिवारी पंच बसतील, काय ठरवतील ठाऊक नाही. म्हणून तुला आशेवर ठेवत नाही.

अकरा एप्रिलचं तुझं तू ठरव. चंपतराव तसबिरींचं म्हणतात, मलाही ते जड जातं, खोटं कशाला सांगू. पण ज्या आजीने तुला बर्फातून आत घेतलं तिला माझा सलाम सांग, तिचे पायमोजे तुझे बाबा काढत नाहीत. तिथे जायचं असेल तर तिथे जावंसं वाटतं म्हणून जा. आईने दार लावलं म्हणून जाऊ नको. आणि मरीना झालीस तरी इथे मूठ मैत्रीच्याच नावाची निघते. ती मी एक दिवससुद्धा बंद केली नाही, हवं तर हिशेब पाहा.

पाच एप्रिलला पहिला रविवार आहे, आपला ईस्टरही त्याच दिवशी, तिकडचा आठवड्याने नंतर. तुला भाकर नाही तोवर मीही घेत नाही असं ठरवलं आहे. ही रुसण्याची गोष्ट नाही. ज्याचं मन दुखवलं त्याच्याशी आधी नीट व्हावं, मग ताटापुढे यावं, असं आपणच शिकवतो.

पीठ पोचलं का? चटणीला बुरशी लागली असेल तर टाकून दे, जपून ठेवू नको.

लांब लिहायला वेळ नसेल तर एक शब्द लिही. पाकीट महाग पडत असेल तर साधं कार्ड घे. तू तिकडे आठ वाजता अजून उभी राहतेस का, एवढंच मला उलट टपाली कळव."